चौक लिहिणाऱ्या बायका आणि बोलक्या भिंती

कल्याणहून मुरबाडची एसटी धरली की म्हारळ, वरप, कांबा मागे पडतात. रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडायची, गोवेली गेली की मोकळं रान लागतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना भिंती दिसू लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत, अंगणवाडीची, ग्रामपंचायतीची, ढाब्याची, फार्महाऊसची. गेरूच्या रंगावर पांढऱ्या काड्यांची माणसं, मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर, कोपऱ्यात ताडाचं झाड आणि बैलगाडी. आसनगावला उतरून शहापूरमार्गे किन्हवलीकडे गेलं तरी हेच. या दोन तालुक्यांत मी वर्षानुवर्षं फिरतो आहे. चित्र एकच आहे, भिंती वाढत चालल्या आहेत.

शाळेच्या अशा भिंतीला शिक्षक 'बोलकी भिंत' म्हणतात. शब्द सुंदर आहे. पण ती भिंत कोणाच्या तोंडून बोलते, हे तिथे कुठेही लिहिलेलं नसतं. तालुक्याच्या गावातला पेंटर येतो, मोबाइलवरचा नमुना बघतो, चौरस फुटावर दर ठरवतो आणि दोन दिवसांत तारपा उभा करून जातो. त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही पोट आहे. प्रश्न असा की ज्या समाजाच्या नावाने हे चित्र ओळखलं जातं, त्या समाजातल्या बाईला गेल्या पन्नास वर्षांच्या प्रसिद्धीतून काय मिळालं? आणि शहापूर-मुरबाडच्या मातीत जी चित्रं खरोखर उगवली, त्यांच्याकडे आपण पाहतो का? कलाजगतातल्या ताज्या बातम्या वाचताना हे दोन प्रश्न मला सारखे आडवे येतात.

आधी भूगोल. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके तिकडे गेले आणि 'वारली कलेचं माहेर' ही ओळखही त्यांच्यासोबत गेली. ठाण्याच्या वाट्याला महानगरं राहिली आणि डोंगराला टेकलेले शहापूर, मुरबाड. ग्रामीण ठाणे म्हणजे आता मुख्यतः हे दोनच तालुके. शहापुरात वारली पाडे आहेत, ठाकर, महादेव कोळी, कातकरी दोन्ही तालुक्यांत आहेत. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय शहापुरातच आहे. पण कलेवर लिहिणाऱ्याची गाडी थेट डहाणूच्या गंजाड गावी जाते. आसनगावला कोणी उतरत नाही.

आता चित्राकडे येऊ. वारली घरात लग्न निघालं की भिंतीवर चौक येतो. त्याशिवाय लग्न लागत नाही. कारवीच्या काड्यांचा कुड, त्यावर शेणामातीचा लिंपा, वर गेरूचा हात. तांदूळ भिजवून वाटतात, पाणी घालून पातळ करतात. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की तोच कुंचला. सवाशिणी बसतात आणि चौकटीच्या रेघा ओढू लागतात. एका कडेत दुसरी, दुसरीत तिसरी, साखळीसारखी, बाशिंगासारखी नक्षी. मधल्या मोकळ्या जागेत पालघट देवी येते. सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोडा, झाडं येतात. शेजारी लहान देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या. लग्नाची गाणी म्हणते ती धवलेरी, म्हणजे पुरोहितही बाईच. आज पोस्टरवर मिरवणारा तारप्याचा फेर या सगळ्याच्या मध्यभागी नसतो. मध्यभागी देवी असते.

या कामाला तिथे 'काढणे' म्हणत नाहीत, 'लिहिणे' म्हणतात. चौक लिहायचा. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला तो बोलीतला साधा फरक वाटला होता. पुढे समजलं की सारा अर्थ त्यातच आहे. शोभेसाठी काढलेलं चित्र आणि लग्न लागावं म्हणून लिहिलेला चौक यांत पत्रिकेची नक्षी आणि पत्रिकेतला मजकूर यांच्याइतकं अंतर आहे. चौक चुकला तर लग्नाचं काम अडतं. लग्न झालं की चौकाचं काम झालं. एका पावसाळ्याच्या ओलीत तांदळाचं पीठ पापुद्रे धरून गळतं आणि त्याचं कोणाला दुःख नसतं.

ही गळून जाणारी वस्तू टिकाऊ कशी झाली, ती गोष्ट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. हातमाग-हस्तकला क्षेत्रात काम करणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले. बायका भिंतीवर जे लिहीत होत्या ते कागदावर उतरावं म्हणून त्यांनी कागद आणि रंग वाटले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागद हातात घेतला आणि लग्नाच्या चौकटीतून बाहेर पडून मासेमारीचं जाळं, भातलावणी, मुंग्या, पाऊस असं सगळं रान कागदावर आणलं. त्यांची रेघ पाहिली की अंगावर काटा येतो. एका जाळ्यात हजारो गाठी आणि त्यातली एकही मेलेली नाही. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने भरवलेल्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. पुढे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत जर्मनीत प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी म्हसे गेले. वारली चित्र आज ज्याला जगाचं कलादालन म्हणतात तिथे आहे, ते बऱ्याच अंशी या एका माणसामुळे, आणि त्याबद्दलची माझी कृतज्ञता पुरी आहे.

पण याच वळणावर एक गोष्ट निसटली. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका होत्या, कागदावर रंगवणारे बहुतेक पुरुष झाले. कागद घेऊन गावाबाहेर जायचं, दिल्ली-मुंबईत राहायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, हिशोब ठेवायचा, ही कामं पुरुषांना सोपी गेली. यशोधरा दालमियांचं वारल्यांवरचं पुस्तक १९८८ मध्ये आलं, त्याला आता जवळजवळ चाळीस वर्षं होतील. या काळात म्हसे यांच्यामागून त्यांची मुलं आणि गंजाडच्या आसपासचे कितीतरी तरुण नावाने ओळखले जाऊ लागले. सवाशिणींची नावं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही सामान्य वाचकाला सांगता येणार नाहीत. लग्नातली जागा त्यांची, बाजारातली जागा त्यांची नाही. वारली कलेवरच्या कौतुकाच्या लेखांत या गोष्टीला एखादं वाक्य मिळतं. माझ्या मते तिथूनच लेख सुरू व्हायला हवा.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे वय. ही कला अडीच-तीन हजार, कधी पाच हजार वर्षांची असल्याचं वर्तमानपत्रं बेलाशक छापतात. आधार एवढाच की भीमबेटकाच्या गुहांतली काही माणसंही काड्यांची, त्रिकोणांची दिसतात. दिसण्यातल्या सारखेपणावर हजारो वर्षांचा पूल बांधता येत नाही. मातीच्या भिंतीवर पिठाने लिहिलेलं काही शंभर वर्षंही उरत नाही, म्हणून पुरावाही उरत नाही. शिवाय असं वय लावलं की चित्र लिहिणारी आजची बाई आपोआप आदिमानव ठरते. तिला मजुरी, सही, हक्क हवा असतो हे मग कोणाच्या डोक्यात येत नाही.

हक्काचा विषय निघालाच आहे. आदिवासी युवा सेवा संघाने २०११ पासून खटपट केली आणि २०१४ पासून वारली चित्राला भौगोलिक मानांकन आहे, ज्याला सगळे जीआय म्हणतात. या खटपटीबद्दल संघाचे आभार मानावे तेवढे थोडे. त्याआधी २०१० मध्ये कोका-कोलाच्या दिवाळीच्या जाहिरातीत वारली माणसं नाचून गेली होती. मानांकनामुळे काय होतं आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. कायदा राखतो तो नावाला. मानांकनातल्या प्रदेशाबाहेर, नोंदणी नसलेल्याने तयार केलेला माल 'वारली पेंटिंग' म्हणून विकला तर त्याला अडवता येतं. पण दोन त्रिकोण टोकाला जोडून माणूस काढण्यापासून तो कोणाला रोखत नाही. शाळेच्या भिंतीवर तर नावही नसतं, नुसतं चित्र असतं. तिथे कायद्याचा हात पोचत नाही.

कोल्हापुरी चपलेचं प्रकरण ताजं आहे म्हणून त्याच्याशी ताडून पाहू. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, मूळ कुठलं ते न सांगता. चपलेला २०१९ पासून मानांकन होतं, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. नोंदणीधारक स्वतः दाद मागू शकतात, असं सांगून न्यायालयाने जुलैमध्ये ती फेटाळली. प्राडाने आपली प्रेरणा त्याआधी, जूनमध्येच कबूल केली होती. पुढे डिसेंबरात तिने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, सुमारे दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घेण्याचा. हे घडलं ते कायद्याच्या कलमाने कमी आणि ओरड झाल्याने जास्त. ओरड करायला कोल्हापूर एकजुटीने उभं राहिलं. किन्हवलीच्या शाळेच्या भिंतीसाठी कोण ओरडणार?

त्याच २०२५ सालच्या मार्चमध्ये पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं १९५४ चं 'ग्राम यात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे एक कोटी सदतीस लाख डॉलरला, म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या घरात गेलं. जवळजवळ चौदा फूट लांब, तेरा तुकड्यांत रचलेलं खेड्याचं जग. १९६४ पासून ते ओस्लोच्या रुग्णालयात होतं. सप्टेंबरात गायतोंड्यांचं एक चित्र दिल्लीत ६७ कोटींवर गेलं. या दोघांना मी मनापासून मानतो आणि त्या आकड्यांचा मला हेवा नाही. पण एक सांगावंसं वाटतं. या किमती चित्राच्या जितक्या, तितक्याच नावाच्या. कोणी, कधी, कुठे काढलं आणि ते कोणाकोणाकडे होतं, ही साखळी पक्की असते म्हणून आकडा वाढतो. चौकाला ही साखळी कधी लाभलीच नाही, त्याच्याखाली नाव लिहायची रीतच नव्हती. म्हणून तो कोणीही उचलू शकला.

चांगलं उदाहरण नाही असं नाही. गंजाडचे राजेश वनगड आणि छायाचित्रकार गौरी गिल २०१३ पासून 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका करत आले आहेत. गिल यांनी टिपलेल्या गंजाड परिसराच्या छायाचित्रांवर वनगड आपल्या रेघेने लिहितात. जंगलतोड, दंगा, कारखाने, देव, सगळं एका पटावर येतं. ही चित्रं २०१७ च्या 'डॉक्युमेंटा' या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात लागली. दोन्ही नावं सारख्या मानाने, चित्राखाली बरोबरीने. वारली चित्र तारप्याच्या फेऱ्यातून बाहेर पडून आजचं बोलू शकतं, याचा याहून पक्का दाखला माझ्याकडे नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांचं स्वतःचं काय? मुरबाडपासून माळशेजच्या रस्त्याला वैशाखरे गाव आहे. तिथून नाणेघाट चढायला लागायचं. घाटाचं तोंड जुन्नर तालुक्यात, पायथा मुरबाडचा. सातवाहनांच्या काळात सोपारा, कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने वर जुन्नर-पैठणला जाई. वरच्या लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, यज्ञांची आणि दानांची यादी, त्यात अंक. इ. स. पूर्व पहिल्या शतकातला म्हणतात. अभ्यासकांची रीघ त्या लेखासाठी लागते. मी मात्र दर वेळी मागच्या भिंतीपाशी थांबतो. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक, सातकर्णी आणि राणी नायनिका (म्हणजे हीच नागनिका), कुमार, महारठी, प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव. देशातलं हे फार जुनं व्यक्तिचित्रांचं दालन, आणि ते आपल्या घाटात. विल्यम साइक्सने १८२८ मध्ये ही जागा पाहिली. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी ती वाचली. मूर्ती कधीच नष्ट झाल्या आहेत, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. नावं मात्र टिकून आहेत. शनिवार-रविवारी तिथे येणाऱ्या तरुणांना मी त्या भिंतीकडे बोट दाखवतो. बहुतेकांना मागे काही आहे हेच माहीत नसतं. लेण्यात रात्र काढून, चूल पेटवून ते उतरतात.

मग वाघोबा. गावाच्या शिवेला, झाडाखाली, लाकडाच्या फळीवर किंवा दगडात वाघ कोरलेला, कधी वर सूर्य-चंद्र, सगळ्यावर शेंदूर. अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला त्याला मान. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून दीडशे वाघोबांची नोंद झाली. नोंद केली वन्यजीवांच्या अभ्यासकांनी, बिबट्या आणि माणूस एकत्र कसे राहतात हे पाहण्यासाठी. कलेच्या अभ्यासकांनी ती अजून करायची आहे. प्रत्येक वाघाची शेपटी वेगळी, डोळे वेगळे. जुन्या फळ्यांना वाळवी लागते, गावकरी नवी संगमरवरी मूर्ती आणतात आणि जुनी फळी झाडाच्या बुंध्याशी ठेवून देतात. दर वर्षी अशा काही फळ्या जातात. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या पौष पौर्णिमेच्या जत्रेतली रंगवलेली शिंगं, झुली आणि घोंगड्यांचे काठ यांच्यावरही लिहायला हवं, पण तो स्वतंत्र लेख होईल.

मुरबाडच्या एका चित्राला मात्र जगभर प्रसिद्धी मिळाली. फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी, साठी-सत्तरी पार केलेल्या बाया. देशोदेशींचे छायाचित्रकार तिथे येऊन गेले. या छायाचित्रांत एक खरी गोष्ट आहे. अंगठा उठवणाऱ्या हातांनी सही करायला शिकणं ही लहान गोष्ट नव्हे. ते फोटो पाहताना मला चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आठवतात. गावं वेगळी, समाज वेगळे. पण ज्यांनी जन्मभर लिहिलं त्यांना आपण निरक्षर म्हणत आलो, हे विसरता येत नाही.

सगळ्यात वेगाने बदलते आहे ती भिंत. कारवीचा कुड कमी होतो आहे. घरकुल योजनेतून विटा-सिमेंटची घरं आली आणि ती यायलाच हवी होती. पावसात गळणाऱ्या घरात कोणी राहावं असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. तो शहापुरातून जातो. जमिनींना भाव आले, बंगले आले, मुंबईकरांची सेकंड होम आली. सिमेंटवर गेरू धरत नाही, तांदळाचं पीठ तर लगेच सुटतं. म्हणून ऑइलपेंट, ॲक्रिलिक. बंगल्याच्या कुंपणावरचं चित्र दहा वर्षं टिकतं आणि पाड्यावरच्या घरात चौकाला जागा उरत नाही. मागणी माझी साधी आहे. ग्रामपंचायत, शाळा, बंगलेवाले भिंत रंगवून घेणारच असतील तर ती जवळच्या पाड्यावरच्या बायकांकडून करून घ्यावी, दर पेंटरचा द्यावा आणि कोपऱ्यात तिचं नाव, पाड्याचं नाव, साल घालावं. याला नवा कायदा लागत नाही, ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.

मागच्या वैशाखात शहापूरच्या एका पाड्यावर लग्नाला गेलो होतो. घर नवं, घरकुलातलं, भिंतींना पिस्ता रंगाचा डिस्टेंपर. चौक कुठे येणार, असा मला प्रश्न पडला. सकाळी तीन सवाशिणी आल्या. त्यांनी बरोबर चौकाच्या मापाचा भिंतीचा तुकडा खरवडून खडबडीत केला, त्यावर शेणमातीचा पातळ लिंपा दिला आणि वाळू दिला. दुपारी गेरूचा हात फिरला. पिस्ता रंगाच्या मधोमध तांबडी चौकट, जणू जुन्या घराचा एक तुकडा कापून नव्या भिंतीत बसवलेला. थोरल्या बाईने काडी चावली, वाटीत बुडवली आणि पहिली उभी रेघ ओढली. शेजारी नवरीची धाकटी बहीण बसली होती, दहावीची परीक्षा दिलेली. तिच्या हातात दुसरी काडी दिली गेली. तिची रेघ वाकडी गेली तशी म्हातारीने अंगठ्याने पीठ पुसलं आणि पुन्हा लिहायला सांगितलं.

संध्याकाळी मी विचारलं, "आजी, यात थोडा डिंक घातला असता तर राहिलं असतं ना बरेच दिवस?"

तिने आधी माझ्याकडे, मग त्या मुलीकडे पाहिलं. "हिचं लग्न आहे अजून," ती म्हणाली. "तेव्हा जागा नको का?"